नाव त्यांचे, जोखीम आपली

मॅकडोनाल्ड या अमेरिकन खाद्यगृहाची ४० हजारांहून अधिक दुकाने आज शंभराहून अधिक देशांत चालू आहेत. टोकियोत जा किंवा साओ पावलोत. तीच पिवळी कमान, तोच पाव आणि तोच तळलेला बटाटा. या विस्ताराने दिपून जाणारे आणि त्यावर दातओठ खाणारे, असे दोन्ही पंथ आपल्याकडे आहेत. परंतु या दोघांच्याही ध्यानात एक गोष्ट सहसा येत नाही. यांतील सुमारे ९५ टक्के दुकाने मॅकडोनाल्ड कंपनी स्वतः चालवीतच नाही. ती चालविणारा माणूस त्या त्या देशातला, बहुधा त्या त्या गावचा असतो. दुकानाच्या सजावटीचे आणि सामानाचे भांडवल त्याचे, बँकेचे कर्ज त्याच्या डोक्यावर, नोकर त्याचे आणि बुडाले तर नुकसानही त्याचेच. कंपनीचे असते ते नाव आणि ते नाव कसे वापरावे याचे नियम. या व्यवहाराला फ्रँचायझी म्हणतात. मराठीत त्याला नावाचा मक्ता म्हटले तर त्याचा अर्थ अधिक नेमका कळेल.

या मक्त्याच्या पाट्या पणजी-मडगावच्या रस्त्यांवर आता कोणासही नवलाच्या वाटत नाहीत. नोकरीच्या शोधात थकलेला तरुण, परदेशातून चार पैसे गाठीस बांधून परतलेला खलाशी, रस्त्यालगत जागा असलेले कुटुंब, अशा अनेकांना तयार नावाचा हा धंदा खुणावतो. म्हणूनच हा व्यवहार मुळात काय आहे, तो कसा वाढला आणि त्यात कोणाच्या हाती काय उरते, याचा विचार खाद्यरुचीच्या वादापलीकडे जाऊन केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या पद्धतीचा इतिहास बोधप्रद आहे. रिचर्ड आणि मॉरिस या मॅकडोनाल्ड बंधूंनी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे १९४० साली खाद्यगृह काढले आणि १९४८ साली त्यातील सगळी कामे कारखान्यासारखी वाटून देऊन ते नव्याने उभारले. पदार्थ मोजके, वाढपी नाहीत, प्रत्येक हाताला एकच काम. मिल्कशेकची यंत्रे विकणारा रे क्रॉक नावाचा ५२ वर्षांचा विक्रेता १९५४ साली तेथे आला, कारण एका लहानशा दुकानाला त्याची आठ यंत्रे कशाला लागतात याचे त्याला कुतूहल होते. त्याने बंधूंकडून ही पद्धत देशभर विकण्याचा हक्क मिळविला. १९५५ साली त्याचे पहिले दुकान निघाले आणि १९६१ साली २७ लाख डॉलर देऊन त्याने ते नावच बंधूंकडून विकत घेतले. ज्यांचे ते आडनाव होते, त्यांना स्वतःच्या मूळ दुकानावरही ते पुढे लावता आले नाही! नावाच्या व्यापारातील हा पहिला धडा होय.

दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा आहे. आरंभी क्रॉक मक्तेदाराकडून एकरकमी ९५० डॉलर आणि विक्रीच्या १.९ टक्के एवढाच हिस्सा घेत असे. त्यातलाही अर्धा टक्का बंधूंना जाई. एवढ्यावर कंपनी तगणे शक्य नव्हते. तेव्हा हॅरी सॉनबॉर्न या त्याच्या सहकाऱ्याने १९५६ साली वेगळीच युक्ती काढली. दुकानाची जागा कंपनीने विकत किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने घ्यावयाची आणि तीच मक्तेदाराला चढ्या भाड्याने द्यावयाची. यातून दोन गोष्टी साधल्या. पैसा तर आलाच; पण मक्तेदाराने नियम मोडला तर त्याला जागेतून उठविण्याचे साधनही हाती आले. आज या कंपनीला मक्तेदारांकडून मिळणारे भाडे नावाच्या हिश्शापेक्षा मोठे आहे. जगाला जी खाणावळ वाटते ती हिशेबाच्या वहीत पाहिली तर बऱ्याच अंशी जमीनदारी आहे. कुळ आणि भाटकार हे नाते गोमंतकीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेबाहेर हे दुकान १९६७ साली कॅनडात गेले आणि १९७१ साली जपान, जर्मनी, हॉलंड व ऑस्ट्रेलिया येथे पोहोचले. परक्या मुलखात यश कशाने येते, हे जपानने दाखविले. कंपनीचा ओढा उपनगरांतील मोटारींच्या रस्त्यांकडे होता. डेन फुजिता या तेथील भागीदाराने ते मानले नाही. टोकियोच्या गिन्झा या प्रतिष्ठित भागात, मित्सुकोशीच्या तळमजल्यावर, त्याने पहिले दुकान थाटले. त्यासाठी त्याला अवघे ३९ तास मिळाले होते आणि तेवढ्यात त्याने ते उभे केले. कोणत्या चौकात गर्दी होते, लोक कोणाचे ऐकतात, पदार्थाचे नाव जिभेवर कसे वळते, हे शिकागोजवळच्या कचेरीत बसून कळत नसते. ते ज्ञान स्थानिक माणसाचे असते. नावाला परदेशात पाय फुटतात ते त्याच्या जोरावर.

मात्र या ज्ञानाचा मोबदला करारात क्वचितच लिहिलेला असतो. पॅरिसचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील मक्ता १९७१ साली रेमंड डायान या व्यावसायिकाला मिळाला. पुढे कंपनीने त्याची दुकाने अस्वच्छ असल्याचे सांगून करार तोडला. त्याचे म्हणणे असे की, धंदा बहरल्यावर कंपनीला पॅरिस स्वतःकडे हवे झाले. खटला पॅरिसमध्ये नव्हे, तर अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या न्यायालयात चालला. १९८२ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि १९८४ साली अपिलातही तोच कायम झाला. डायानला पाट्या उतरवून दुसऱ्या नावाने दुकाने चालवावी लागली. न्यायालयाने पुरावा पाहून निर्णय दिला. त्यात आम्ही जात नाही. पण वाद कोणत्या भूमीवर, कोणत्या कायद्याने सुटणार हे सही करतानाच ठरलेले असते, एवढे यातून दिसते.

आपल्या देशालाही हा अनुभव नवा नाही. १९७७ साली, परकीय चलन कायद्यानुसार भागभांडवल भारतीयांच्या हाती देण्याच्या अटीवरून, कोका कोला कंपनी भारतातून निघून गेली. बाटल्या भरणारे कारखाने येथल्या उद्योजकांचे होते. यंत्रे होती, कामगार होते, गावोगावच्या दुकानांशी संबंध होते. नाव तेवढे गेले होते. दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्स या कंपनीने त्याच जोरावर 'कॅम्पा कोला' काढला आणि काही वर्षे तो उत्तम चालविला. नाव गेले तरी हात राहतात, ही त्यातली आशेची बाजू.

मॅकडोनाल्ड भारतात आले ते १९९६ साली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या वसंत विहारात पहिले दुकान उघडले आणि लगोलग मुंबईत वांद्र्यास दुसरे. उत्तर व पूर्व भारतासाठी विक्रम बक्षी यांच्याशी, तर पश्चिम व दक्षिण भारतासाठी अमित जटिया यांच्याशी निम्म्या-निम्म्या भागीदारीचे करार झाले होते. गोमंतक या दुसऱ्या विभागात मोडतो. येथे गोमांस वगळावे लागले, शाकाहारी पदार्थांचे स्वयंपाकघर वेगळे ठेवावे लागले आणि बटाट्याची टिक्की पावात घालावी लागली. जी कंपनी जगाला एक चव देते म्हणतात, तिला भारताने आपल्या चवीपुढे वाकविले, असे म्हणावयास हरकत नाही. गुजरातेत लांबट बटाट्याचे पीक बांधावर करार करून घेतले जाऊ लागले. तळेगावची कोबीसारखी सॅलडची पाने आणि बारामतीचे चीज थंड गाड्यांतून शहरोशहरी जाऊ लागले.

या व्यवहारातील गुणांना नावे ठेवण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. स्वच्छ ओटा, वेळेवर सेवा, ठरलेला भाव आणि धुतलेले हात या गोष्टी शिकण्यात कमीपणा कसला? आणखी एक गोष्ट आहे. ज्या देशात चहाच्या दुकानातही काही जणांसाठी कपबशी वेगळी ठेवली जात असे, तेथे रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही जात न विचारता एकच ताट समोर येते, हे काही थोडे नव्हे.

पण याच भागीदारीचा उत्तरेकडचा शेवट काय झाला, तेही पाहावयास हवे. २०१३ साली बक्षी यांना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर करण्यात आले. वाद कंपनी कायदा मंडळापासून लंडनच्या लवादापर्यंत गेला. २०१७ च्या जुलैत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने त्यांना पदावर परत आणले, तर ऑगस्टमध्ये कंपनीने १६९ दुकानांचा करारच रद्द केला. त्याआधी जूनच्या अखेरीस परवान्यांचे नूतनीकरण न झाल्यामुळे दिल्लीतील ४३ दुकाने बंद पडली होती. २०१९ च्या मे महिन्यात तडजोड होऊन बक्षी यांचा हिस्सा कंपनीने घेतला. सहा वर्षांच्या या भांडणात दोष कोणाचा किती, हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. पश्चिमेकडच्या विभागात असे काही घडले नाही, हेही नमूद केले पाहिजे. तथापि बक्षी हे साधनसंपन्न उद्योजक होते. निष्णात वकील लावून ते सहा वर्षे लढू शकले. ज्याने आईचे दागिने आणि वडिलांची जागा गहाण टाकून एखाद्या लहानशा नावाचा मक्ता घेतला आहे, तो सहा महिने तरी लढेल काय? आणि कुलूप लागलेल्या दुकानासमोर उभ्या असलेल्या कामगाराने दाद कोणाकडे मागावी? नाववाली कंपनी म्हणणार, तो आमचा नोकर नव्हे. मक्तेदार म्हणणार, माझ्यापाशी आता दुकानच नाही.

हा प्रश्न केवळ परकीय नावांचा आहे असेही कोणी समजू नये. मुंबईचा वडापाव आणि पुण्याचा अमृततुल्य चहा यांचीही आता मक्त्याची दुकाने निघाली आहेत. स्वदेशी धन्याचा करार परदेशी धन्याहून आपोआप उदार असतो, असा अनुभव नाही. पूर्वी आपल्याकडे खाद्यगृहे पसरली ती निराळ्या रीतीने. 'उडुपी' हे नाव मुंबईपासून मद्रासपर्यंत हजारो पाट्यांवर झळकले, पण ते कोणाच्या मालकीचे नव्हते. स्वयंपाकघरात भांडी घासणारा पोरगा काम शिकला की चार नातलगांकडून पैसे उभे करी आणि पुढल्या स्टेशनाजवळ स्वतःचे हॉटेल टाकी. त्या पद्धतीत दोष होते. कामाच्या तासांना धरबंध नव्हता आणि पोरवयाच्या मुलांचे कष्ट त्यात जिरले. परंतु शिकलेली विद्या शिकणाऱ्याची होत असे. आमच्या पोदेराच्या भट्टीचेही तसेच. पाव भाजण्याची कला पोर्तुगीज अमदानीत आली, येथल्या हातांत रुजली आणि आज तिच्यासाठी लिस्बनला कोणी हिस्सा पाठवीत नाही. मक्त्याच्या करारात मात्र मुदत संपल्यावर तोच धंदा दुसऱ्या नावाने करू नये, असे बंधन पुष्कळदा घातलेले असते.

म्हणून आमचे म्हणणे मक्ता नको असे नाही. मक्त्याला कायदा हवा, असे आहे. या पद्धतीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेने १९७९ पासून तसा नियम लागू केला आहे. सही करण्यापूर्वी किमान १४ दिवस कंपनीने मक्तेदाराच्या हाती सविस्तर माहितीपत्र दिले पाहिजे. त्यात चालू खटले, बंद पडलेली दुकाने आणि सोडून गेलेल्या मक्तेदारांची नावेही असली पाहिजेत. मलेशियाने १९९८ साली स्वतंत्र कायदा केला. चीनने २००७ साली असे ठरविले की, ज्याने स्वतःची किमान दोन दुकाने वर्षभराहून अधिक काळ चालविली आहेत, त्यानेच नावाचा मक्ता विकावा. भारतात मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यावर आणि व्यापारचिन्हांच्या कायद्यावर आपण निभावून नेत आहोत. ज्या काळी हा कायदा झाला त्या काळी करार करणारे दोघे समान बळाचे आहेत, असे गृहीत धरता येत असेल. आज एका बाजूला वकिलांचा ताफा आणि दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरांतील शंभर पाने न वाचता सही करणारा उमेदवार, असा हा सामना आहे.

केंद्र सरकारने या बाबतीत आता चालढकल करू नये. माहितीपत्र आणि विचारासाठी मुदत, करार तोडण्यापूर्वी सकारण सूचना, वादाचा निवाडा भारतातच होण्याची हमी आणि दुकान बंद पडल्यास कामगारांच्या थकबाकीची नाववाल्या कंपनीवरही काही जबाबदारी, एवढ्या चार गोष्टी कायद्यात आल्या तरी पुष्कळ काम होईल. तोवर आमच्या सहकारी बँकांनीही एक पथ्य पाळावे. अशा धंद्यासाठी कर्ज देताना त्या तारणाची किंमत पाहतात. त्याचबरोबर मक्त्याचा करारही जाणकाराकडून वाचून घ्यावा आणि त्यातील धोक्याची कलमे कर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगावीत. घर जाण्याआधी चार कठोर शब्द ऐकविणे, हेदेखील सावकाराचे कर्तव्यच आहे.

दुसऱ्याचे नाव घेऊन धंदा करण्यात लाज नाही. मात्र त्या नावामागे उभा राहणारा माणूस आपला आहे. पाटी उतरली त्या दिवशीही त्याच्या हाती त्याचे कसब आणि डोक्यावर त्याचे छप्पर राहील, याची काळजी कायद्याने वाहिलीच पाहिजे.