बंदुकांचे टेबल आणि ठाणे अंमलदाराचे टेबल

२ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज मिळाला. तो दिवस दलाचा स्थापना दिन म्हणून पाळतात आणि शाळांमध्ये तो ‘रेझिंग डे’ या नावानेच ओळखला जातो. पुढचा आठवडाभर राज्यातल्या पोलीस ठाण्यांचे दरवाजे मुलांसाठी उघडतात. अमरावतीत राजापेठ असो की गाडगेनगर, अकोल्यात रामदासपेठ असो की खदान, गणवेशातल्या मुलांची रांग थंडीत ठाण्याच्या आवारात शिरते. आवारात चादर अंथरलेले एक टेबल असते. त्यावर रायफल, पिस्तूल, अश्रुधुराचे नळकांडे, ढाल, काठी, बेड्या मांडलेल्या असतात. शेजारी श्वान पथकाचा कुत्रा दिसला की मुले हरखून जातात. कोणी रायफल उचलून बघतो, कोणी हातात बेडी अडकवून घेतो, फोटो निघतात. आत ठाणे अंमलदाराचे टेबल असते. त्यावर स्टेशन डायरी, फोन, वायरलेस आणि पुढे एक रिकामी खुर्ची. मुलांची रांग त्या टेबलापुढून दोन मिनिटांत निघून जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की या भेटीचा क्रम उलटा लावला पाहिजे. मुलाला खरी ओळख व्हायला हवी ती त्या रिकाम्या खुर्चीची, कारण आयुष्यात कधी वेळ आलीच तर त्याला बंदुकीपाशी जायचे नसते, त्या खुर्चीवर बसायचे असते.

हे नुसते कल्पनेने म्हटलेले नाही. केंद्र सरकारने २००७ मध्ये बालकांवरील अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले आणि बहुतेकांनी तो आधी कोणालाही सांगितला नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवतात की बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखालच्या बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. म्हणजे धोका बहुतेक वेळा घरातून, शेजारातून, नात्यातून येतो. अशा वेळी मुलाला घराबाहेरचा एक विश्वासाचा माणूस लागतो. आपण मात्र त्या माणसाची ओळख फार लवकर बिघडवून ठेवतो. वऱ्हाडातल्या किती घरांत दोन वर्षांच्या लेकराला झोपवताना सांगितले जाते, ‘चूप बस, नाहीतर पोलीस पकडून नेईन!’ जेवत नाही, पोलीस येईन. रडतो, पोलीस येईन. दहा वर्षे ही धमकी ऐकलेल्या मुलाला एका सकाळी ठाण्यात नेऊन रायफल दाखवल्याने भीती जात नाही. फार तर तिच्यात थोडे कुतूहल मिसळते.

कायद्याला ही भीती नीट कळलेली आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २४ सांगते की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, आणि जबाब घेताना पोलिसाच्या अंगावर वर्दी नसावी. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमायला लावला आहे आणि बाल न्याय नियमांनुसार मुलाला बेड्या घालायलाही मनाई आहे. आता ते चादरीचे टेबल पुन्हा आठवा. ज्या बेड्या मुलाच्या हातात घालायला कायद्यानेच मनाई आहे, त्याच आपण त्याला गंमत म्हणून घालून दाखवतो. ज्या अधिकाऱ्याची नेमणूक खास त्याच्यासाठी झाली आहे, त्याचे नाव मात्र त्याला कोणी सांगत नाही. यात कोणाचा वाईट हेतू नाही. पण दाखवायचे काय, हे आपण मुलाच्या गरजेवरून ठरवलेले नाही, गर्दी कशाने जमते त्यावरून ठरवले आहे.

यावर पहिला आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो वजनदार आहे. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत एकाच वेळी केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. पोलिसांनी वस्त्यांत सभा घेतल्या, गस्तीत लोकांशी बोलणे वाढवले, तरी लोकांचा विश्वास वाढला नाही आणि गुन्हेही घटले नाहीत. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसहून सुरू झालेला ‘डेअर’ हा उपक्रम तर वर्गात वर्दीतला पोलीस पाठवून व्यसनविरोधी धडे देणारा. तो हजारो शाळांत पोचला, पण व्यसनांवर त्याचा टिकाऊ परिणाम होत नाही असे एकामागून एक अभ्यासांत दिसले. मग वऱ्हाडातल्या ठाण्यांनी या फंदात पडावेच कशाला? उत्तर त्या सहा देशांच्या अभ्यासातच आहे. प्रयोग फसण्याची जी कारणे संशोधकांनी नोंदवली, त्यांत वरिष्ठांचे दुर्लक्ष, तुटपुंजी साधने आणि ओळख झालेल्या पोलिसांच्या बदल्या ही मुख्य होती. दुसरीकडे अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात पोलिसांनी कोणताही गुन्हा वा तक्रार नसताना लोकांच्या दारी जाऊन थोडा वेळ साधे बोलणे केले. २०१९ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात एका भेटीनेही लोकांचे मत सुधारले आणि ते तीन आठवड्यांनंतरही टिकून होते. राजस्थानात २००५ ते २००८ या काळात झालेल्या प्रयोगात पोलिसांना प्रशिक्षण दिल्याचा आणि बदल्या थांबवल्याचा उपयोग झाला, लोकांमधले निरीक्षक ठाण्यात बसवण्याचा फारसा झाला नाही. हे सगळे एकत्र ठेवले तर मला त्यातून एकच गोष्ट दिसते. सभा आणि प्रदर्शन यांनी फारसे काही होत नाही, माणसाशी झालेल्या ओळखीने होते, आणि तीही तो माणूस तिथे टिकला तरच.

आपल्या राज्यात याचा दाखला जुना आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडी होरपळली होती. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत त्यांनी पुढाऱ्यांपेक्षा दोन्ही समाजांतली साधी माणसे घेतली आणि एकेका मोहल्ल्याची जबाबदारी खालच्या पायरीवरच्या पोलिसांवर टाकली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तिथल्या शांततेचे श्रेय एकाच गोष्टीला देणे बरोबर होणार नाही, पण अफवा उठली तेव्हा विचारायला ओळखीचा पोलीस होता, ही गोष्ट लहान नाही. अमरावती आणि अकोल्याला ती फार जवळची आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधातून अमरावतीत मोर्चे, बंद आणि तोडफोड झाली, शहरात संचारबंदी लागली, इंटरनेट बंद ठेवले गेले. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल पेटली आणि एकाचा जीव गेला. मोबाइलवर अफवा सर्वांत आधी पोरांच्या हाती पडते आणि तिथूनच पुढे जाते. सोळा वर्षांच्या मुलाकडे तो मजकूर येतो तेव्हा ‘हे खरे आहे का?’ असे विचारता येईल असा एखादा पोलीस त्याला नावानिशी माहीत असावा. शांतता समितीच्या बैठकीला ज्येष्ठ मंडळी येतात, ही मुले कधीच येत नाहीत.

आता नाव कोणाचे? इथे नेहमीची पद्धत बदलायला हवी असे मला वाटते. शाळेच्या कार्यक्रमाला आपण ठाणेदारांना बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, भाषण ऐकतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार निरीक्षकाचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा असतो आणि शिपाई, हवालदार यांचा पाच वर्षांचा. पाचवीतल्या मुलीची ठाणेदारांशी ओळख झाली तर ती सातवीत जाईपर्यंत ते बदलून गेलेले असतात. बीटवरचा अंमलदार मात्र ती दहावीला पोचेपर्यंत तिथेच असण्याची शक्यता असते. म्हणून शाळेशी नाते जोडायचे ते बीट अंमलदाराने आणि ठाण्यातल्या महिला अंमलदाराने. पुण्याने ‘पोलीस काका’ आणि ‘पोलीस दीदी’ ही कल्पना रुजवली तिचा गाभा हाच आहे. शाळेला एक नेमलेला माणूस आणि त्याचा फोन नंबर मिळतो. केरळात २०१० मध्ये सुरू झालेली आणि २०१८ मध्ये देशभर नेलेली विद्यार्थी पोलीस कॅडेट योजनाही आठवी-नववीच्या मुलांशी दोन वर्षे संबंध ठेवते, एका सकाळपुरता नाही.

दुसरा आक्षेप पोलिसांकडून येतो. बंदोबस्तातून वेळ कुठे आहे? श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघणाऱ्या कावडी, अमरावतीची अंबादेवीची नवरात्र, गणपती, मोहरम, रामनवमी, निवडणुका. चोवीस तास पायावर उभ्या असलेल्या शिपायाला वर शाळेत पाठवणे अन्यायाचे वाटू शकते. ही तक्रार खरी आहे, आणि म्हणूनच या कामाची नोंद ड्युटी म्हणून झाली पाहिजे, सुटीतून वेळ काढून करायची समाजसेवा म्हणून नाही. महिन्यातून एक तास एका शाळेला देणे हा मोठा खर्च नव्हे. मांडव, ध्वनिक्षेपक, बक्षिसे आणि छायाचित्रकार यांवर जाणारा वेळ वाचवला तरी त्यातून तो सहज निघेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्यांच्या घरी पोलीस फक्त झडतीला येतात, त्यांच्या मुलांना बक्षिसे वाटून काय होणार? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांना ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यातून मुक्त केले गेले, पण संशय मुक्त झाला नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या फासेपारधी वस्त्यांवर चोरीनंतर पहिली गाडी कुठे जाते हे तिथल्या लेकरांना विचारावे लागत नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी पारधी मुलांसाठी जी शाळा उभी केली तिचे नावच ‘प्रश्नचिन्ह’ आहे. अशा ठिकाणी एका कार्यक्रमाने विश्वास मागणे म्हणजे वस्तीची थट्टा आहे. पण याचा अर्थ तिथे जाऊच नये असा होत नाही. तिथे आधी जावे, झडती नसताना जावे, वारंवार जावे आणि हातात काही कामाचे घेऊन जावे. गडचिरोली पोलिसांच्या ‘पोलीस दादालोरा खिडकी’तून दाखले आणि योजनांचे अर्ज यांची कामे होतात, आणि तिचे नावही तिथल्या आदिवासींच्या बोलीतले आहे. पारधी मुलाचा जन्मदाखला किंवा जातीचा दाखला मिळवायला पोलिसाने मदत केली तर ते शंभर भाषणांहून जास्त बोलेल. मेळघाटात, धारणी आणि चिखलदऱ्याला, निदान सुरुवातीची दोन वाक्ये कोरकूत असावीत. आज असे कार्यक्रम बहुधा शहरातल्या मोठ्या शाळांत होतात, जिथे मुलांच्या वडिलांना ठाण्यात ओळख काढता येतेच. गरज नेमकी दुसरीकडे आहे.

‘धाक राहिला पाहिजे’ असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. मला हे मत पटत नाही. पोलिसाचा धाक सराइताला फारसा वाटत नाही, त्याला ठाण्याची वाट पाठ असते. धाक वाटतो तो सोसणाऱ्याला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना तासन्‌तास थांबावे लागले, त्यावरून पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. म्हणून मुलांइतकेच पालकांनाही त्या खुर्चीवर बसवून दाखवायला हवे. दखलपात्र गुन्हा कुठे घडला हे न पाहता कोणत्याही ठाण्याने तक्रार नोंदवायची असते, प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, अदखलपात्र म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायला हवे. एखाद्या मुलीला सायकल हरवल्याची लुटूपुटूची तक्रार सांगायला लावावी, अंमलदाराने तिला पाणी विचारावे, तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहून वाचून दाखवावे, सही घ्यावी, प्रत द्यावी. बाकीच्या मुलांनी बघावे. पंधरा मिनिटांचा हा खेळ आहे आणि त्याचा सराव अंमलदारालाही होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामरक्षणाला स्वतंत्र अध्याय आहे. रक्षण हे गावाने आणि पोलिसांनी मिळून करायचे काम आहे, हा विचार या मातीला नवा नाही.

अमरावती आणि अकोल्यातल्या मुख्याध्यापकांना म्हणून विनंती आहे. डिसेंबरअखेर ठाण्याचे निमंत्रण आले की मुलांना अवश्य न्या, बंदुका आणि कुत्राही बघू द्या. पण उत्तराच्या पत्रात तीन ओळी लिहा: आमच्या मुलांना बाल कल्याण पोलीस अधिकारी भेटावेत, आमच्या बीटच्या अंमलदारांनी आपले नाव आणि नंबर फळ्यावर लिहावा, आणि जूनअखेर शाळा उघडली की त्यांनी पुन्हा यावे. तोवर मुलांच्या मदतीचा १०९८ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे दोन क्रमांक प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.