आजोबाचा माग आणि शेवटचे पंचवीस मीटर

२००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वयाने मोठा नर, स्वभावाने शांत. म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. वनखात्याच्या साथीने वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटाजवळ सोडलं. पुढच्या महिनाभरात आजोबा जवळपास सव्वाशे किलोमीटर चालला. महामार्ग ओलांडला, रेल्वेचे रूळ ओलांडले, खाडी पार केली आणि थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०१४ मध्ये सुजय डहाके यांनी त्याच्यावर ‘आजोबा’ हा चित्रपट काढला, तो अनेकांनी पाहिला असेल. मला मात्र त्या पट्ट्याविषयी लिहायचं आहे.

त्या पट्ट्यात दोन यंत्रणा होत्या. पहिली जीपीएस. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणारे वेळेचे संकेत पट्टा ऐकतो. कोणता संकेत किती उशिरा पोचला, त्यावरून प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतो आणि त्यातून स्वतःची जागा ठरवतो. दुसरी यंत्रणा आपल्या मोबाइलचीच. टॉवर मिळाला की साठवलेल्या नोंदी एसएमएसने निघतात. घाटात रेंज नसेल, तर संशोधकाला वाट पाहावी लागते. बिबट्या पुढे गेलेला असतो, त्याची खबर मागून येते.

ही खबर का हवी होती, हे समजायला शेजारच्या जुन्नरकडे पाहावं लागतं. २००१ ते २००३ या काळात तिथे उसातले बिबटे पिंजरे लावून धरले आणि जंगलात नेऊन सोडले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. जनावर जंगलात सोडलं की प्रश्न मिटला, असं सगळे धरून चालले होते. सोडलेलं जनावर पुढे जातं कुठे, हे कुणी मोजलंच नव्हतं. पट्ट्यांनी ते मोजलं. सोडलेल्या जागी बिबट्या थांबत नाही. आपल्याकडे आजही बिबट्या दिसला की गाव पहिली मागणी करतं ती ‘पिंजरा लावा’ हीच. त्या मागणीमागची भीती खरी आहे. रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी भरायला जाणाऱ्या माणसाला ती विचारावी. पण धरून दुसरीकडे सोडणं हा त्यावरचा उपाय नाही, हे या नोंदींनी दाखवून दिलं आहे.

अकोले खोऱ्याने तर जाणकारांनाही चकित केलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅमेऱ्यांच्या आधारे तिथे दर शंभर चौरस किलोमीटरमागे ४.८ प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. हे जंगल नव्हे. ऊस, वस्त्या, गोठे आणि चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं, असा हा मुलूख. पुढच्या वर्षी पट्टा घातलेल्या पाच बिबट्यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यात दिसलं की त्यातले दाट वस्तीच्या भागात राहणारे बिबटे रात्री घरांपासून पंचवीस मीटरांच्याही आत येऊन जातात.

या पंचवीस मीटरांपाशीच उपग्रह अपुरा पडतो. मोकळ्या माळावरही पट्ट्याची नोंद काही मीटर इकडेतिकडे होते. दाट ऊस, ओढ्याची घळ, पत्र्याचं छप्पर आलं की चूक आणखी वाढते. आधीच क्षीण असलेला संकेत पत्र्यापलीकडे जवळजवळ पोचतच नाही. बिबट्या गोठ्याच्या भिंतीबाहेर आहे की आत गव्हाणीपाशी, या प्रश्नाचं उत्तर उपग्रह देऊ शकत नाही.

छपराखालच्या मोजणीचं तंत्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वेगळं वाढलं. सुरुवातीची युक्ती साधी होती. ब्लूटूथचा संकेत जोरात आला तर वस्तू जवळ, क्षीण आला तर लांब. पण पाणी या लहरी शोषून घेतं. मधे माणूस उभा राहिला, गाय आली किंवा हिरवा ऊस आला, की हाताशी असलेली वस्तू लांब भासते. अल्ट्रा वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी, संकेताच्या जोराऐवजी वेळ मोजतं. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे तीस सेंटिमीटर जाते. यूडब्ल्यूबीचे ठोके एखाद-दोन नॅनोसेकंदांचे, इतके आखूड असतात. त्यामुळे सरळ आलेला ठोका आणि पत्र्यावर आपटून मागून आलेला ठोका यंत्राला वेगळे ओळखता येतात. एक यंत्र विचारतं, दुसरं उत्तर देतं, आणि या फेरीला लागलेल्या वेळावरून अंतर दहा-वीस सेंटिमीटरपर्यंत अचूक निघतं. अमेरिकेने २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात याला परवानगी दिली. २०१९ च्या आयफोनपासून ते लोकांच्या खिशात आलं. २०२४ च्या ब्लूटूथ ६.० मध्येही अंतर मोजण्याची नवी सोय आली आहे.

परदेशांतल्या मोठ्या गोठ्यांत आज गाईच्या गळ्यातला यूडब्ल्यूबीचा बिल्ला सांगतो की ती गव्हाणीवर आहे, पाण्यावर आहे की बराच वेळ एका कोपऱ्यात बसून आहे. आपल्याकडे संगमनेर-अकोले-राहाता हा दुधाचा पट्टा. मुक्तसंचार गोठे इथे नवे राहिलेले नाहीत. जनावराच्या कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला गाय कोणती ते सांगतो, ती कुठे आहे ते सांगत नाही. गोठ्यातल्या गाई मध्यरात्री अचानक एका बाजूला दाटल्या, तर मालकाच्या फोनवर घंटा वाजवणं यूडब्ल्यूबीच्या तंत्राला अवघड नाही. बिबट्याच्या गळ्यात काही न बांधताही त्याच्या येण्याची चाहूल लागू शकते.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. पट्टा घातलेल्या बिबट्याचं चालू ठिकाण कधीही गावाच्या ग्रुपवर जाऊ नये. गर्दीने घेरलेला, बिथरलेला बिबट्या हा सगळ्यांत धोक्याचा. नोंद वनखात्याकडे आणि संशोधकांकडे असावी, लोकांना मिळावा तो वेळेवर इशारा.

आजोबा डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या वेशीवर रस्त्यात वाहनाच्या धडकेने मेला. पट्ट्याचे संदेश येणं तोवर कधीच थांबलं होतं. तो मेलेला बिबट्या आजोबाच, हे ठरलं शेपटीच्या मुळाशी टोचलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमुळे. या चिपला बॅटरी नसते. वाचणारं यंत्र अगदी जवळ नेलं की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. शेकडो किलोमीटरांसाठी उपग्रह आणि चार बोटांसाठी चिप, दोन्ही आपल्याकडे वापरून झालं आहे. राहिले आहेत ते मधले पंचवीस मीटर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दूध संघांनी, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि वनखात्याने मिळून अकोले खोऱ्यातल्या चार-दोन गोठ्यांत गाईंच्या यूडब्ल्यूबी बिल्ल्यांचा हा प्रयोग एकदा करून पाहावा. पुढच्या ऊसतोडीच्या आधीच तो सुरू व्हावा, कारण ऊस तुटला की बिबट्याचा आसरा जातो आणि तो वस्तीकडे सरकतो.