विजेचे घरगुती गणित

विजेच्या मापांची नावे वाचली म्हणजे भाषेच्या शिक्षकाला थोडे कौतुक वाटते. व्होल्टा इटलीचा, अँपिअर फ्रान्सचा, वॅट स्कॉटलंडचा, ओहम जर्मनीचा. ही चार हाडामांसाची माणसे. पण आज त्यांची विशेषनामे सामान्यनामे होऊन मीटरांवर व दिव्यांवर जाऊन बसली आहेत. यांतील गेओर्ग ओहम हा कुलपे करणाऱ्या कारागिराचा मुलगा आणि पेशाने शाळामास्तर होता. कोलोन येथील विद्यालयात शिकवीत असता, १८२६ साली, त्याने दोन भिन्न धातूंचे सांधे घेऊन एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. त्यामुळे विजेचा दाब स्थिर राहिला. मग निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून चुंबकसूची किती वळते ते पाहिले. दाब वाढवावा त्या प्रमाणात प्रवाह वाढतो आणि तारेचा रोध वाढेल तसा तो घटतो, एवढेच त्याला सांगायचे होते. १८२७ सालच्या त्याच्या ग्रंथाचे स्वदेशी स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले कोप्ली पदक त्याला १८४१ साली दिले.

आमच्या गोव्यातील खाजन शेते ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा नियम सांगण्यासाठी दृष्टान्त लांबून आणावा लागत नाही. ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याची पातळी नदीपेक्षा उंच राहते व मानशीच्या दारांतून पाणी बाहेर धावते. पातळ्यांतील अंतर म्हणजे व्होल्टमध्ये मोजावयाचा दाब. दर सेकंदास जाणारे पाणी म्हणजे अँपिअरमध्ये मोजावयाचा प्रवाह. आणि दारांची अडवणूक म्हणजे ओहममध्ये मोजावयाचा रोध. दाबाला प्रवाहाने भागिले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणिले की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये. ('लाइट गेली' असे आपण म्हणतो, तेव्हा वस्तुतः गेलेला असतो तो दाब!)

आता स्नानगृहातील गीझर घ्या. त्याच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे लिहिलेले असते. २००० ला २३० ने भागिले म्हणजे प्रवाह सुमारे ८.७ अँपिअर, आणि २३० ला ८.७ ने भागिले म्हणजे तापणाऱ्या तारेचा रोध सुमारे २६.५ ओहम. पावसाळी संध्याकाळी दाब २०० व्होल्टवर उतरला, तर प्रवाहही उतरून साडेसातच्या आसपास येतो, आणि शक्ती राहते अवघी १५०० वॅट. दाब तेरा टक्क्यांनी घटला, पण उष्णता चौथाईने गेली. कारण गुणाकारातील दोन्ही अंक एकदमच लहान झाले. पंखा वा मोटार यांना मात्र हा सरळ गुणाकार लावू नये; तेथे दाब व प्रवाह यांची लय जुळत नाही. दिव्याच्या तारेचीही एक तऱ्हा आहे. ६० वॅटच्या जुन्या बल्बचा रोध पेटलेला असताना सुमारे ८८० ओहम भरतो, पण थंड असताना तो याच्या दशांशाहूनही कमी असतो. म्हणूनच असले बल्ब बहुधा कळ दाबताच जात.

येथवर गणित सोपे आहे. हुशार विद्यार्थी अडतात ते पुढे. शक्तीचे सूत्र दोन प्रकारे लिहिता येते : प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, किंवा दाबाचा वर्ग भागिले रोध. पहिले म्हणते, रोध वाढला की उष्णता वाढते; दुसरे म्हणते, घटते. मग खरे कोणते? दोन्ही खरी, प्रश्न एवढाच की स्थिर काय आहे. घरात प्रत्येक उपकरणाला दाब तोच मिळतो, म्हणून कमी रोधाचे उपकरण अधिक तापते. १०० वॅटच्या बल्बचा रोध ६० वॅटच्या बल्बहून कमीच असतो. पण हेच दोन बल्ब एकामागून एक जोडले, तर दोहोंतून प्रवाह एकच जातो, आणि मग अधिक उजळतो तो ६० वॅटचा! (हा प्रयोग घरच्या विजेवर करावयाचा नव्हे.)

या कोड्याची उकल परीक्षेपुरती नाही. समजा, गीझरच्या प्लगचा एक पाय सैल झाला आहे, आणि त्या सैल जागी अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला आहे. आता एकूण रोध सुमारे २७ ओहम, प्रवाह सुमारे साडेआठ अँपिअर. साडेआठचा वर्ग ७२. त्याच्या निम्मे ३६. म्हणजे ३६ वॅट उष्णता त्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची कथील वितळविणारी सळई पुष्कळदा २५ वॅटचीच असते, हे ध्यानात घ्या. सभोवती प्लास्टिक, मागे लाकडी फळी.

'फ्यूज आहे ना!' असे कोणी म्हणेल. पण फ्यूजची तार काय किंवा आजची आपोआप पडणारी कळ काय, दोघींना कळतो तो वाढलेला प्रवाह. येथे तर प्रवाह ८.७ वरून ८.५ वर उतरलेला आहे. सोळा अँपिअरची कळ स्वस्थ राहील आणि प्लग जळत राहील. ही उष्णता ओळखावयाची ती आपणच : प्लगभोवती काळसर डाग, जळक्या प्लास्टिकचा वास, किंवा गीझर बंद करून प्लग काढताना हाताला लागणारा चटका. असे दिसताच मुख्य कळ बंद करावी, आणि वायरमनकडून नुसता प्लग नव्हे, तर भिंतीवरील सॉकेटही बदलून घ्यावे. कारण पकड ढिली झालेली असते ती बहुधा त्याचीच.