बाळंतिणीचें एक दुर्लक्षित दुखणें

पहिलटकरीण बाळंतीण होऊन दोनतीन दिवस लोटले, म्हणजे पुष्कळ घरांत एक तक्रार दबक्या आवाजांत सुरू होते. मूल अंगावर पीत असतां बाळंतिणीच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें. पाजण्याची वेळ जवळ आली कीं तिला धडकी भरते. स्तनाग्रें लाल व हुळहुळीं झालेलीं असतात. क्वचित् त्यांवर चिरा पडून रक्तही दिसतें. जवळच्या वडीलधाऱ्या स्त्रिया धीर देतात, ‘पहिल्या खेपेस असें व्हावयाचेंच, सोसावें झालें.’ सांगणाऱ्यांचा हेतु चांगला असतो. परंतु या सोसण्याच्या उपदेशानें पुष्कळ मुलांचें दूध अकालीं तुटतें. जें दुखणें अपरिहार्य मानलें, त्याचें कारण कोण शोधणार? चार दिवस सोसून बाळंतीण थकते, पाजण्याच्या पाळ्या चुकवूं लागते, पाळ्या चुकल्यानें दूध ओसरतें, आणि शेवटीं ‘हिला दूधच कमी’ असा शेरा तिच्या माथीं मारून घरांत बाटली येते. वास्तविक उणीव दुधांत नसते. मुलाच्या तोंडाची पकड चुकलेली असते.

हें नीट समजण्यासाठीं मूल दूध कसें पितें तें पाहिलें पाहिजे. तें केवळ स्तनाग्र चोखतें, ही समजूत अपुरी आहे. दुधाच्या नलिका स्तनाग्राच्या मागें, भोंवतालच्या काळसर मंडलाखालून येतात. मुलानें तोंड चांगलें वासून स्तनाग्राबरोबर या मंडलाचाही बराच भाग आंत घेतला, म्हणजे स्तनाग्र पार मागें, टाळूचा कठीण भाग संपून मऊ भाग सुरू होतो त्याच्या जवळ, पोहोंचतें. तेथें त्यास इजा होत नाहीं, आणि दूधही भरपूर येतें. उलट, मुलानें नुसतें टोंक धरलें, तर तें जीभ व कठीण टाळू यांच्या चिमट्यांत सांपडतें आणि प्रत्येक घोटास रगडलें जातें. तान्हें मूल दिवसरात्रींत आठ ते बारा वेळां पितें. तितक्या वेळां हें रगडणें झाल्यावर कोमल त्वचा फाटावी यांत नवल नाहीं.

पकड चुकल्याची एक सोपी खूण आहे. मुलानें तोंड सोडल्यावर स्तनाग्र पूर्वीप्रमाणें गोल दिसलें, तर सर्व ठीक. तें चपटें, पांढुरकें किंवा बोरूच्या टोंकासारखें तिरपें छाटल्याप्रमाणें दिसलें, तर पकड उथळ आहे असें समजावें. पहिल्या आठवड्यांत पिण्याच्या आरंभीं क्षणभर कळ येऊन ती लगेच थांबत असेल, तर त्याची चिंता नको. परंतु पिणें संपेपर्यंत टिकणारी वेदना आणि प्रत्यक्ष जखम हीं कांहीं मातृपदाचीं लक्षणें नव्हेत.

यावरून प्रतिबंधाचा उपाय सहज सुचतो. आईनें पाठीला टेकू घेऊन स्वस्थ बसावें. पोंक वाढून मुलाच्या तोंडाशीं स्तन नेऊं नये. मुलालाच उचलून स्तनाशीं आणावें. मुलाचें डोकें, मान व धड एका रेषेंत असावें, त्याचें पोट आईच्या पोटाशीं टेकलेलें असावें, आणि नाक स्तनाग्रासमोर असावें. स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठास हलकेंच लावलें कीं तें जांभई दिल्यासारखें तोंड उघडतें. त्याच क्षणीं त्याला जवळ घ्यावें. हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, आणि काळें मंडल ओठांच्या खालच्या बाजूपेक्षां वरच्या बाजूस अधिक दिसूं लागलें, म्हणजे पकड साधली. दुखत राहिल्यास मुलाला हिसक्यानें ओढूं नये. स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यांतून आंत सरकवून ओढ मोडावी, मूल सोडवावें आणि पुन्हा लावावें.

तिसऱ्या ते पांचव्या दिवशीं दूध उतरून स्तन दगडासारखे ताठतात, तेव्हां मंडलही ताणलें जाऊन मुलाला पकड मिळत नाहीं. अशा वेळीं पाजण्यापूर्वीं हातानें थोडें दूध काढून तो भाग मऊ करावा. पाजण्यापूर्वीं स्तन धुऊन किंचित् दूध काढून टाकावें, असें सुश्रुतसंहितेंतही सांगितलें आहे. तेथें तें मुलाला ठसका लागूं नये म्हणून आहे, तथापि ताठलेल्या स्तनास त्या क्रियेचा हा दुसरा लाभही होतो.

कांहीं जुने उपदेश मात्र आतां सोडले पाहिजेत. गरोदरपणीं खरखरीत पंचानें घासून स्तनाग्रें ‘कठीण’ करणें व्यर्थ आहे. पाजण्याचीं मिनिटें मोजून मुलाला तोडणेंही तसेंच. इजा होते ती वेळेनें नव्हे, पकडीनें. प्रत्येक वेळीं साबण लावणें तर अपायकारकच. स्तनमंडलावर जे बारीक उंचवटे दिसतात, त्या तैलग्रंथि होत. आयर्लंडमधील प्रसूतिवैद्य माँटगोमेरी यांनीं 1837 सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्या त्यांच्या नांवानें ओळखल्या जातात. त्यांतून पाझरणारा स्निग्ध द्रव त्वचेचें रक्षण करतो, आणि साबण नेमका तोच धुऊन काढतो. रोजचें स्नान पुरेसें आहे.

चिरा पडल्याच, तर प्रथम पकड सुधारावी. तें न करतां केवळ लेप लावणें व्यर्थ होय. पाजणें थांबवूं नये. कमी दुखणाऱ्या बाजूनें आरंभ करावा. पिऊन झाल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोनचार थेंब जखमेवर पसरून तें वाऱ्यानें सुकूं द्यावें. लोंकरीपासून काढलेली शुद्ध लॅनोलिन नांवाची स्निग्ध वस्तु औषधांच्या दुकानांत मिळते. तीही लावतां येते. परंतु 2014 सालीं कॉक्रेन या संस्थेनें उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हां कांहींही न लावणें किंवा स्वतःचें दूध लावणें हें लॅनोलिनइतकेंच उपयोगी ठरूं शकतें, आणि कोणताही उपाय केला तरी बहुतेकींची वेदना सात ते दहा दिवसांत सौम्य होते, असें आढळून आलें. मध मात्र कदापि लावूं नये. एक वर्षाच्या आंतील मुलाच्या पोटांत तो जाणें धोक्याचें असतें. कपडे सैल व सुती असावेत, आणि दुधानें भिजलेलें फडकें लगेच बदलावें. मुलाच्या गुळणींत चिरेंतील रक्ताची रेषा दिसली, तर घाबरूं नये. त्यानें मुलाला अपाय होत नाहीं.

वेदना असह्यच झाली, तर त्या बाजूस एखादा दिवस विश्रांति द्यावी. परंतु दूध हातानें काढीत राहावें, नाहींतर तें सांठून नवें दुखणें उभें राहील. काढलेलें दूध वाटीचमच्यानें पाजावें. बोंडल्याची चोंच किंवा बाटलीचें बूच आंतून स्वच्छ करणें कठीण; शिवाय बाटलीची संवय लागलेलें मूल स्तन नीट धरीनासें होण्याचा संभव असतो.

कांहीं प्रसंगीं मात्र घरगुती उपायांवर विसंबूं नये. आरंभीं सुखानें चाललेलें पाजणें मागाहून जळजळू लागलें, आणि मुलाच्या तोंडांत पुसून न निघणारा पांढरा थर दिसला, तर तो बुरशीचा विकार असूं शकतो. त्यास आई व मूल या दोघांनाही एकाच वेळीं औषध लागतें. मुलाची जीभ खालच्या पडद्यानें जखडलेली असेल, तर पकड कितीही शिकवून सुधारत नाहीं. स्तनाचा एखादा भाग लाल, कढत व कठीण होऊन ताप भरला, किंवा जखमेंतून पू आला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें; तापांतही दूध चालू ठेवणेंच बहुधा हितावह असतें. पांचव्या दिवसानंतर मूल दिवसाकाठीं सहा वेळांहून कमी लघवी करीत असेल किंवा त्याचें वजन वाढत नसेल, तरीही विलंब करूं नये.

पहिले सहा महिने मुलाला केवळ आईचेंच दूध द्यावें, आणि पुढें इतर अन्नाबरोबर तें दोन वर्षांपर्यंत व त्यानंतरही चालू ठेवावें, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतांत 1992 च्या कायद्यानें मुलांच्या कृत्रिम दुधाच्या व बाटल्यांच्या जाहिरातींस बंदी घातली. परंतु बाटली घरांत येते ती केवळ जाहिरातीनें नव्हे. आईच्या न विचारलेल्या वेदनेच्या वाटेनेंही ती येते. ही वाट बंद करण्याचें काम कायद्याचें नाहीं, घरच्या माणसांचें आहे. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, शेकशेगडी यांत कोठें उणें पडूं न देणाऱ्या घरानें तिला एकांत द्यावा, पाठीशीं उशी द्यावी, पाहुण्यांची वर्दळ आंवरावी, आणि ‘सोस’ असें म्हणण्याऐवजीं ‘दुखतें का? कोठें?’ एवढें विचारावें. जाणत्या परिचारिकेनें वेळीं येऊन पकड दाखविली, तर पुष्कळदां तेवढ्यानेंच काम होतें.