प्रतिपिंडे, पेशीग्राही आणि कर्करोगाचा प्रसार

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. कर्करोगाच्या अभ्यासकास परंडा तालुका आणखी एका कारणाने परिचयाचा आहे. बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची लोकसंख्याधिष्ठित नोंदणी सुरू झाली, तिच्या क्षेत्रात बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे घेण्यात आली. रोग कोणास झाला, कोणत्या अवयवास झाला आणि रुग्ण कोणत्या अवस्थेत दवाखान्यात पोचला, याची घरोघर जाऊन केलेली नोंद आपल्याकडे दुर्मिळच होती. पेशींवरील ग्राहींना अडवून कर्करोगाचा प्रसार रोखणाऱ्या प्रतिपिंडांचा विचार या भूमीवर उभे राहून करावयाचा, तर दोन प्रश्न विचारावे लागतात. हे अडविणे घडते कसे? आणि त्यासाठी औषध किती लागते? पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याकडे बरेच दिवस कोणाचे लक्ष नव्हते; आणि सोनारीसारख्या गावातील रुग्णाच्या दृष्टीने तोच अधिक निकडीचा आहे.

कर्करोगाने मृत्यू येतो तो बहुधा मूळ गाठीमुळे नव्हे, तर तिच्या पेशी अन्यत्र जाऊन रुजल्यामुळे. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि रोगाचा प्रसार यदृच्छेने होत नाही असे दाखविले. बी सर्व दिशांना उधळले जाते, परंतु अनुकूल मातीतच ते उगवते, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार होते. शेतकऱ्यास हे सांगावयास नकोच. मात्र बियाला मातीची ओळख कशी पटते, हे कळण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

ही ओळख पटविणारे रेणू म्हणजे पेशीच्या पटलावरील ग्राही. ग्राही हे एक प्रथिन असून त्याचा एक भाग पेशीबाहेर, एक पटलात व एक पेशीच्या आत असतो. बाहेरून आलेला विशिष्ट रेणू त्यावर बसला की आतल्या भागात रासायनिक घडामोडी सुरू होतात. ईजीएफआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्राहीचे उदाहरण घेऊ. त्वचा व श्लेष्मल आवरणे यांच्या पेशींना वाढीचा आदेश देणारे एक प्रथिन स्टॅन्ली कोहेन यांनी शोधून काढले, आणि या शोधाबद्दल त्यांना १९८६ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ते प्रथिन चिकटले की दोन ग्राही परस्परांशी जोडले जातात व आदेश पेशीकेंद्रापर्यंत पोचतो. पेशी विभागते, शेजारच्या पेशींशी असलेले तिचे बंध सैल होतात, ती जागा सोडू शकते. निरोगी पेशीत हा आदेश प्रसंगोपात्त मिळतो. तोंड व घसा यांच्या कर्करोगात मात्र हे ग्राही बहुतेक वेळा प्रमाणाबाहेर वाढलेले आढळतात. तंबाखू, मिश्री व गुटखा यांचे आपल्या भागातील प्रमाण पाहता हा रोग आपणांस परका नाही.

अशा ग्राहीच्या मुखावर अगोदरच दुसरे काही बसवून ठेवले तर? प्रतिपिंडाची कल्पना येथे उपयोगी पडते. प्रतिपिंडे ही शरीरानेच परक्या पदार्थांविरुद्ध तयार केलेली प्रथिने होत. त्यांचा उपचारासाठी उपयोग नवा नाही. बेरिंग व किटासाटो यांनी १८९० साली धनुर्वात व घटसर्प यांवर प्रतिविष-रक्तद्रव सिद्ध केले. परळच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार केलेले सर्पविषावरील औषध खेड्यापाड्यांतून ठाऊक आहे. तेही प्रतिपिंडांचेच द्रावण. परंतु घोड्याच्या रक्तद्रवात नाना प्रकारच्या प्रतिपिंडांची खिचडी असते. एकाच ग्राहीच्या एकाच भागावर बसणारे, नेहमी तेच आणि हवे तितके प्रतिपिंड मिळविण्याची युक्ती कोहलर व मिल्स्टाइन यांना १९७५ साली साधली. प्रतिपिंड बनविणारी उंदराची पेशी आणि अमर्याद वाढणारी अर्बुदपेशी यांचा त्यांनी संयोग घडविला. त्या संकरापासून वाढलेला पेशीवंश एकच एक प्रतिपिंड बनवीत राहतो.

उंदराचे प्रथिन मनुष्यशरीर फार काळ सहन करीत नाही. म्हणून प्रतिपिंडाची केवळ टोके उंदराची ठेवून उर्वरित भाग मानवी करण्याची रीत पुढे रूढ झाली. हॅवाना येथील संस्थेत निर्माण झालेले निमोटुझुमॅब हे अशा प्रकारचे ईजीएफआर-रोधक प्रतिपिंड असून २००६ पासून ते बंगळूर येथे बनवून भारतात विकले जाऊ लागले. त्याची आसक्ती मध्यम प्रतीची आहे. दोन्ही बाहूंनी धरता आले तरच ते घट्ट बसते, आणि तसे धरता येते ते जेथे ग्राही दाटीवाटीने असतात तेथे, म्हणजे कर्कपेशीवर. निरोगी त्वचेवर ग्राही विरळ असल्याने या वर्गातील अन्य प्रतिपिंडांमुळे अंगावर उठणारे तीव्र पुरळ याने क्वचितच उठते. अधिक घट्ट पकड म्हणजे अधिक चांगले औषध, ही समजूत येथे अपुरी ठरते. परळच्याच टाटा स्मारक रुग्णालयात ५३६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत किरणोपचार व सिसप्लॅटिन यांच्या जोडीस हे प्रतिपिंड दिले असता, दोन वर्षांपर्यंत रोग न बळावलेल्यांचे प्रमाण ५०.१ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले. एकूण आयुर्मर्यादेतील फरक मात्र निर्णायक ठरला नाही, हेही सांगितले पाहिजे.

ग्राही अडविणे कागदावर दिसते तितके सरळ नसते. पेशींच्या स्थलांतराशी निकटचा संबंध असलेल्या मेट या ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडे केली, तेव्हा त्यांच्या दोन बाहूंनी दोन ग्राही एकत्र ओढले गेले आणि अडविण्याऐवजी आदेशच सुटला! त्यावर तोडगा म्हणून एकच बाहू असलेले ओनार्टुझुमॅब बनविण्यात आले. रचना मोठी चतुर होती. तरीही २०१४ साली फुप्फुसाच्या कर्करोगावरील त्याची मोठी चाचणी निष्फळ ठरली. पुढे एक बाहू ईजीएफआरसाठी व दुसरा मेटसाठी, असे द्विलक्ष्यी प्रतिपिंड निघाले व त्यास २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅबची गोष्ट याहून सुखद आहे. परंतु त्याचे लक्ष्य असलेला हर-टू ग्राही सुमारे पाचांतील एका रुग्णेतच वाढलेला असतो. गाठीच्या तुकड्याची तपासणी न करता हे औषध देणे म्हणजे पैशाचा व वेळेचा अपव्यय होय.

आता दुसरा प्रश्न. कर्करोगाच्या पेशी प्रसार पावतात त्या रक्षक पेशींच्या डोळ्यांत धूळ फेकून. टी-पेशींवर पीडी-१ नावाचा ग्राही असतो. क्योटो येथे होंजो यांच्या प्रयोगशाळेत तो १९९२ साली प्रथम सापडला. कर्कपेशी त्यावर आपला रेणू टेकविते आणि टी-पेशी निष्क्रिय होते. निव्होलुमॅब हे प्रतिपिंड हा ग्राही झाकून टाकते. त्याच्या आरंभीच्या चाचण्यांतच असे दिसले होते की, वजनाच्या दर किलोग्रॅममागे ०.३ मिलिग्रॅम दिले काय किंवा १० मिलिग्रॅम दिले काय, झाकल्या गेलेल्या ग्राहींचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहते. कुलूप एकदा भरले की आणखी किल्ल्या आणून उपयोग नाही. तरीही प्रचारात आली ती मोठी मात्रा, आणि तिचा खर्च भारतातील बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेरचा होता.

टाटा स्मारक रुग्णालयातील वैद्यांनी या विसंगतीचा पाठपुरावा केला. डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण त्यांनी दोन गटांत विभागले. दोन्ही गटांना तोंडाने घ्यावयाची तीन स्वस्त औषधे नित्य अल्प प्रमाणात दिली; एका गटास शिवाय दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. रूढ मात्रेच्या ते दशांशाहूनही कमी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर प्रतिपिंड मिळालेल्या गटात ४३.४ टक्के होते. पूर्ण मात्रेशी समोरासमोर तुलना या चाचणीत नव्हती, म्हणून दोन्ही मात्रा तुल्यबळ आहेत असे त्यावरून म्हणता येणार नाही. परंतु ज्यास पूर्ण मात्रा कधीच मिळणार नव्हती, त्याच्यापुढील पर्याय अल्प मात्रा किंवा काहीच नाही असा होता, आणि त्याचे उत्तर मिळाले. प्रस्तुत लेखकाच्या मते औषधाच्या शोधाइतकेच हे काम मोलाचे आहे. प्रतिपिंडाचा विकास कारखान्याच्या दाराशी संपत नाही.

व्यवहारातील अडचणी अर्थातच उरतात. प्रतिपिंड हे प्रथिन असल्याने ते पोटातून घेता येत नाही, पचून जाते. ते शिरेतून किंवा त्वचेखाली टोचूनच द्यावे लागते आणि तोपर्यंत दोन ते आठ अंश तापमानात जपावे लागते. निव्होलुमॅबची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची असते. तीत दोघांची मात्रा भागते, परंतु उघडलेली कुपी फार काळ ठेवता येत नाही. तेव्हा परंड्याकडील एखाद्या रुग्णाची तारीख ठरविताना, त्याच दिवशी येऊ शकेल असा दुसरा रुग्ण दवाखान्यास आधी शोधावा लागतो.