विश्लेषण : पियानो ट्रिओच्या मैफलींचा आधार विद्यापीठे का ठरली?

मंचावर तीन वादक. समोर काही शे श्रोते, त्यांत बरेच विद्यार्थी. तिकीट नाममात्र किंवा नाहीच. अमेरिकी विद्यापीठांच्या संगीत विभागांत असे ‘गेस्ट रिसायटल’, म्हणजे पाहुण्या कलाकारांचे वादन, नेहमी होते. त्यात पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांच्या ‘पियानो ट्रिओ’ला हमखास स्थान असते. एवढ्या छोट्या मैफलीसाठी विद्यापीठे मानधन आणि प्रवासखर्च का मोजतात? आणि नावाजलेले वादकही तिथे का जातात?

पियानो ट्रिओ म्हणजे काय?

नाव ऐकून तीन पियानो असावेत असे वाटते. प्रत्यक्षात पियानो एकच असतो, सोबत व्हायोलिन आणि खर्जाकडे झुकणारा चेलो. हायडनने अठराव्या शतकात अशा चाळीसहून अधिक रचना केल्या. त्या काळी त्या ‘व्हायोलिन आणि चेलोच्या साथीसह पियानोसाठी’ म्हणून छापल्या जात. चेलो बहुतेक वेळ पियानोवादकाच्या डाव्या हाताचेच सूर गिरवी. बेथोवनने १७९५ मध्ये आपली पहिली क्रमांकित रचना म्हणून तीन ट्रिओच प्रसिद्ध केले. त्यांत तिन्ही वाद्ये बरोबरीच्या नात्याने बोलू लागली. पुढे शुबर्ट, मेंडेलसन, क्लारा शुमन, द्वोराक, राव्हेल यांनी ही परंपरा वाढवली.

हा प्रकार अनेकदा श्रद्धांजलीसाठीही वापरला गेला. चायकोव्हस्कीने आपला ट्रिओ मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचे संस्थापक निकोलाय रुबिनस्टाइन यांच्या स्मरणार्थ लिहिला. शोस्ताकोविचने १९४४ मध्ये, युद्ध सुरू असताना, मित्र इव्हान सोलेरतिन्स्की यांच्या निधनानंतर दुसरा ट्रिओ पूर्ण केला.

तिघांचा मेळ अवघड का?

पहिली अडचण आवाजाची. मैफलीचा आधुनिक पियानो सुमारे नऊ फूट लांब असतो आणि त्याची चौकट लोखंडी असते. त्याच्यापुढे व्हायोलिनचा आवाज सहज दबतो. हायडनच्या काळातले पियानो नाजूक होते, त्यामुळे तेव्हा उलट चेलोचा आधार घ्यावा लागे.

दुसरी अडचण सुरांची. पियानोचे सूर पेटीसारखे आधीच पक्के केलेले असतात. व्हायोलिन आणि चेलोवर पडदे नसतात, त्यामुळे वादक कानाने सूर किंचित चढा-उतरता लावू शकतो. ट्रिओत मात्र त्याला सतत पियानोशी जुळवून घ्यावे लागते. मराठी श्रोत्याला हा पेच नवा नाही. गाताना पेटीचे स्थिर सूर आड येतात, हा आक्षेप आपल्याकडेही जुना आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर घातलेल्या बंदीमागे हाही एक मुद्दा होता.

तिसरी अडचण एकमेकांकडे पाहण्याची. व्हायोलिन आणि चेलोवादक पुढे बसतात, पियानोवादक मागे. ताल देणारा संचालक नसतो. कधी सुरू करायचे, कुठे थांबायचे हे श्वास आणि मानेच्या हलक्या हालचालीवरून ठरते. ही जाण काही दिवसांच्या तालमीत येत नाही. त्यासाठी तिघांना वर्षानुवर्षे एकत्र वाजवावे लागते.

गेस्ट रिसायटलमध्ये काय होते?

मैफल संध्याकाळी असली तरी पाहुण्यांचे काम बरेचदा आदल्या दिवशी किंवा दुपारीच सुरू होते. ‘मास्टरक्लास’मध्ये विद्यार्थी मंचावर वाजवतात आणि पाहुणे सर्वांसमक्ष त्यांना सुधारणा सुचवतात. विद्यापीठात ट्रिओ शिकणाऱ्या मुलांसाठी मैफलीइतकेच याला महत्त्व असते.

व्हायोलिन आणि चेलोवादक आपापले वाद्य घेऊन येतात. विमानात चेलोसाठी अनेकदा वेगळे आसन घ्यावे लागते. पियानोवादकाला मात्र सभागृहात जो पियानो असेल त्याच्याशीच काही तासांत ओळख करून घ्यावी लागते. त्याची पाने उलटायला बऱ्याचदा एखादा विद्यार्थीच शेजारी बसतो. अलीकडे त्याची जागा टॅब्लेट आणि पायाने दाबायचे बटण घेऊ लागले आहे. कार्यक्रमात साधारणतः तीन रचना असतात : एक जुनी, एक विसाव्या शतकातील किंवा नवी आणि मध्यंतरानंतर एक मोठी. रचनेचे तीन-चार भाग असतात आणि ते सगळे संपल्यावरच टाळ्या वाजवण्याचा रिवाज आहे.

विद्यापीठांचा संबंध कसा आला?

हे संगीत मुळात दिवाणखान्यातले, राजाश्रयाचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँ यांना आश्रय दिला, तसा हायडनला एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याने दिला होता. बेथोवनचा प्रसिद्ध ‘आर्चड्यूक’ ट्रिओ ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील रुडॉल्फ या त्याच्या शिष्याला आणि आश्रयदात्याला अर्पण केलेला आहे. राजेरजवाडे गेले तेव्हा प्रश्न उरला तो नव्या आश्रयाचा.

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत १९४० मध्ये जवळजवळ अपघाताने मिळाले. बेल्जियमचे ‘प्रो आर्टे’ हे तंतुवाद्य चतुष्टय त्या मे महिन्यात विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसन येथे, पाहुणे म्हणून बेथोवनच्या रचना वाजवण्यासाठी आले होते. त्याच सुमारास, १० मे रोजी, जर्मनीने बेल्जियमवर आक्रमण केले आणि परतीची वाट बंद झाली. विद्यापीठाने त्यांना निवासी कलाकार म्हणून ठेवून घेतले. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठात अशी नेमणूक मिळालेले हे पहिले चतुष्टय मानले जाते. वादक बदलत गेले, पण ‘प्रो आर्टे’ त्याच विद्यापीठात टिकून राहिले. पगार, तालमीची खोली आणि शिकवण्याचे काम देणारा हा नमुना पुढे इतर विद्यापीठांनीही स्वीकारला.

बोझार ट्रिओ कसा टिकला?

पियानो ट्रिओच्या इतिहासात सर्वाधिक नाव झाले ते ‘बोझार ट्रिओ’चे. १३ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील टँगलवूड येथे त्याचे पहिले वादन झाले. २००८ मध्ये तो थांबला. या ५३ वर्षांत पाच व्हायोलिनवादक आणि तीन चेलोवादक झाले, पियानोवादक मात्र एकच : मेनाहेम प्रेसलर.

प्रेसलर यांचा जन्म १९२३ मध्ये जर्मनीतील माग्डेबुर्ग येथे एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीमुळे कुटुंबाला देश सोडावा लागला. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील डेब्युसी स्पर्धा जिंकून ते पुढे आले. ज्या १९५५ मध्ये ट्रिओ सुरू झाला, त्याच वर्षी ते इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत त्या विद्यापीठाशी जोडलेले राहिले. जगभर दौरे करणाऱ्या या ट्रिओच्या पियानोवादकाचे घर आणि नोकरी एका विद्यापीठाच्या गावात होती.

तिकीटविक्रीवर का भागत नाही?

याचे उत्तरही विद्यापीठातूनच आले. प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा सोपा होता. कारखान्यात यंत्रांमुळे कमी माणसांत जास्त माल निघतो आणि त्यासोबत पगार वाढतात. मैफलीत असे होत नाही. ‘आर्चड्यूक’ ट्रिओ बेथोवनने १८१४ मध्ये व्हिएन्नात स्वतः वाजवला तेव्हा तीन माणसे आणि सुमारे चाळीस मिनिटे लागली. आजही तेवढीच लागतात. बाकीच्या समाजाबरोबर वादकांचे मानधन वाढते, पण त्यांचे ‘उत्पादन’ वाढत नाही. अर्थशास्त्रात या प्रकाराला बॉमोलचा ‘खर्चाचा आजार’ म्हणतात.

मोठ्या सभागृहात जास्त तिकिटे विकणे हा उपाय ट्रिओला फारसा मानवत नाही. हे संगीत जवळून ऐकायचे असते. दोन-तीन हजार आसनांच्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत चेलोचा हलका स्वर पोहोचवणे कठीण जाते. त्यामुळे कुणीतरी बाहेरून तूट भरून काढावी लागते. विद्यापीठ ती शिक्षणाचा खर्च म्हणून भरते.

हा आधार किती पक्का?

तो कायमचा नाही. आधुनिक संगीतासाठी ओळखले जाणारे कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेज आर्थिक अडचणींमुळे २०२२ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झाले. संस्थेचा ताळेबंद बिघडला की अशा छोट्या मैफलींच्या खर्चावर आधी प्रश्न विचारले जातात. तिकिटाच्या उत्पन्नाने त्यांचे समर्थन करता येत नाही, कारण ते उत्पन्न पहिल्यापासूनच पुरेसे नव्हते.

या व्यवस्थेचा लाभ भारतीय संगीतालाही झाला आहे. मुंबईत जन्मलेले तबलावादक झाकीर हुसेन यांनी प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांत अध्यापन केले होते. मुंबईत एनसीपीएच्या सभागृहांत पाश्चात्त्य छोट्या मैफली होतात आणि गोव्याच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवले जाते. परंतु वादकांना पगार देऊन वर्षानुवर्षे एकत्र ठेवणारी विद्यापीठे आपल्याकडे रूढ झालेली नाहीत. तिघांचा श्वास जुळायला जो वेळ लागतो त्याचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न राजदरबारापासून विद्यापीठापर्यंत पोहोचला आहे. तिथून पुढे तो कुठे जाणार, हे अजून ठरायचे आहे.