पिंजऱ्यातले अंथरूण

गेल्या पावसाळ्यात डिचोलीच्या माझ्या दवाखान्यात आठ वर्षांच्या एका मुलाला त्याची आई दुसऱ्यांदा घेऊन आली. रात्रीचा खोकला आणि छातीतील घरघर थांबत नव्हती. पहिल्या भेटीत मी धूळ, धूप आणि भिंतींची ओल यांची चौकशी केली होती; घरात एखादा प्राणी आहे का, हे विचारायचे मात्र राहून गेले होते. या वेळी मुलगाच म्हणाला, “डॉक्टर, माझा हॅमस्टरसुद्धा शिंकतो. आणि रात्रभर गज चावतो.”

पिंजरा मुलाच्या उशाशी होता. त्यात दोन बोटे जाडीचा लाकडाचा भुसा पसरलेला. पेडण्याहून मामांनी सॉ-मिलमधून गोणीभर आणून दिलेला. भुसा कोणत्या लाकडाचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

हॅमस्टर हा मुळात बिळात राहणारा जीव. सिरियातील अलेप्पोजवळ १९३० साली इस्रायल आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने जमीन खणवून एक मादी व तिची पिल्ले मिळवली. आज घरोघरी दिसणारे सोनेरी हॅमस्टर बहुतांशी त्यांचेच वंशज आहेत. खणण्याची ओढ त्यांच्या रक्तात आहे. स्विस संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोल अंथरुणांची तुलना केली होती. १० सेंटिमीटरवर ठेवलेले प्राणी गज अधिक चावताना आढळले. आपण ज्याला खोडी समजतो, ती बहुधा कोंडमाऱ्याची खूण असते.

म्हणून अंथरूण खोल हवे, निदान वीतभर. आणि बीळ ढासळणार नाही इतके घट्टही. ते धूळविरहित व बिनवासाचे असावे. कागदाच्या लगद्याचे किंवा ॲस्पेन लाकडाच्या ढलप्यांचे अंथरूण उत्तम. साध्या, न छापलेल्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या घरट्यासाठी चालतात. सीडर व कच्च्या पाइनच्या ढलप्या टाळाव्यात. त्यांतील सुगंधी द्रव्ये श्वसनमार्गाला त्रास देतात आणि यकृतावरही परिणाम करतात. कापसासारखे मऊ धागे दिसायला प्रेमळ, पण ते पायांना आवळतात आणि गिळले गेल्यास आतडे अडवतात.

आपल्याकडील दमट पावसाळ्यात ओले अंथरूण लवकर बुरसते. ओला कोपरा रोज काढावा. मात्र सगळे एकदम बदलू नये, कारण स्वतःच्या वासाविना तो जीव बावरतो. हे काम दमेकरी मुलाकडे देऊ नये. पिंजरा निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावा आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

त्या घरी पिंजरा बाहेरच्या खोलीत गेला आणि भुशाच्या जागी कागदाचा खोल थर आला. महिन्याभरात मुलगा शांत झोपू लागला. औषधेही चालू होती, तेव्हा सारे श्रेय अंथरुणाला देणे शास्त्राला धरून होणार नाही. गज चावणे मात्र पुष्कळ कमी झाले, आणि त्याला तर मी काहीच औषध दिले नव्हते.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर दोन प्रश्न वाढले आहेत : घरात प्राणी आहे का? आणि त्याच्याखाली काय अंथरले आहे?